अकीदा नव्हे, दलील

शुक्रवार हा माझ्या डोक्याला ताप होता. निजामाच्या राज्यात शाळांना शुक्रवारची सुटी, आणि आमचे हे परतूरच्या सरकारी शाळेत मास्तर. बाकीचे सहा दिवस शाळेतली पोरं यांचं ऐकायची, सातव्या दिवशी पाळी माझी. दुपारची जेवणं उरकली की हे ओसरीवर सतरंजी टाकायचे, कागदांचा गठ्ठा पुढ्यात घ्यायचे आणि विचारायचे, "ऐकतेस ना?" मी सुपात ज्वारी घेऊन खडे काढत बसलेली असायचे. "कान काय माहेरी गेलेत का माझे? वाचा की," मी म्हणायचे.

लिहायचे ते उर्दूत. शिकले उर्दूत, शिकवायचे उर्दूत, आणि हैदराबादच्या विद्यापीठाला लिहून द्यायचं तेही उर्दूतच. घरात मात्र आम्ही मराठी बोलायचो. मी मराठी चौथीपर्यंत शिकलेली. उर्दू मला बाजारापुरती कळायची, वाचता बिलकुल येत नव्हती. म्हणून हे एक वाक्य उर्दूत वाचायचे आणि मग त्याचं मराठी करून सांगायचे. आता मी लिहितेय ते पुस्तकी मराठी वाटेल कोणाला, पण बोलताना माझं तोंड अजून परतूरचंच आहे, ते सुधारायचं वय गेलं.

यांचा मकाला चालला होता. मकाला म्हणजे एम. ए. ला लिहून द्यायचा मोठा निबंध. विषय काय, तर धर्माचं तत्त्वज्ञान. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी म्हणाले, "म्हणजे कीर्तन."

"कीर्तन न्हाई गं. कीर्तनकार सांगतो, देवावर भरोसा ठेव. आम्ही विचारतो, भरोसा ठेवणं म्हणजे नेमकं काय करणं."

"रिकाम्या माणसांचं काम हाय हे," मी म्हणाले. पण खोटं कशाला बोलू, तो प्रश्न माझ्या डोक्यात बसला. भाकरी थापताना तोच, धुणं बडवताना तोच. शुक्रवारला मी शिव्या घालत होते आणि गुरुवारपासून त्याची वाटही पाहत होते.

आधी एक मकाला यांनी पाठवला होता. 'यात नवीन काही नाही' असा शेरा मारून तो परत आला. तेव्हा हे चार दिवस नीट जेवले नाहीत. आता ही दुसरी खेप होती आणि तिसरी मिळणार नव्हती. हा पास झाला तर औरंगाबादच्या कॉलेजात शिकवायला जायचं यांच्या मनात होतं. नाही तर जन्मभर परतूरला पोरांकडून पाढे घोकून घ्यायचे. म्हणून मी चिडले तरी ऐकत होते.

तिसरं प्रकरण निघालं ते महादेव कोंडण्याचं. आमच्याकडे पावसानं ओढ दिली की गावकरी महादेवाच्या गाभाऱ्यात पाणी भरतात. पिंड बुडेपर्यंत भरायचं आणि दार लावून घ्यायचं. पाऊस आल्याशिवाय उघडायचं नाही. यांनी लिहिलं होतं की ही देवावर केलेली जबरदस्ती आहे. अडाणी माणूस देवाला धमकी देतो, बुडवतो, कोंडतो. याला धर्म म्हणता येत नाही, ही जादूटोण्याची रीत. धर्म सुरू होतो तो माणूस देवापुढे हात टेकतो तिथून. इंग्रजी पुस्तकांत असंच आहे, आणि यांचे गुरुजीही असंच शिकवतात.

माझा हात सुपातच थांबला. "पाणी कुठनं येतं?" मी विचारलं.

"कोणतं पाणी?"

"गाभाऱ्यात भरतात ते. पाऊस न्हाई, नदी आटलीय, तव्हा गाभारा भरायला पाणी कुठनं आणतात?"

यांचं बालपण तीर्थपुरीला गेलं, घरी स्वतःची विहीर. यांनी कोंडलेला महादेव पाहिला होता, बेल वाहिला होता, पण एक घागर कधी नेली नव्हती.

मी नेली होती. माझं माहेर मंठ्याकडचं, लहानसं खेडं. मी नऊ वर्षांची असताना तसं साल आलं. गावात एकाच आडाला पाणी राहिलं होतं. पाणी कसलं, तळाला ओल. बाया आळीपाळीनं आत उतरायच्या आणि नरोटीनं झऱ्यातलं पाणी घागरीत भरायच्या. एक घागर भरायला सकाळची दुपार व्हायची. त्यातली घरटी एक घागर महादेवाची. गावकुसाबाहेरच्या वस्तीची घागर मात्र कोणी मागितली नाही. ते मला तेव्हा खटकलं नाही, आज खटकतं. दोन दिवस आम्ही पाणी वाहिलं. वाटेत मी घागरीत ओंजळ घालून एक घोट प्याले, तर आईनं भर रस्त्यात माझ्या पाठीत धपाटा घातला. स्वतः तिनं सकाळपासून तोंडाला पाण्याचा थेंब लावला नव्हता. हे सगळं मी यांना सांगितलं आणि विचारलं, "आता सांगा, ज्याला धमकी द्यायची, त्याला आपलं शेवटचं पाणी नेऊन कोण देतं? तुमच्या चुलतीनं मला धमकावलं तव्हा काय केलं व्हतं? कोठीला कुलूप घातलं व्हतं. मला जेवू घालून न्हाई धमकावलं."

हे हसले. पण मास्तर माणूस, सहजी सोडतोय कसला. "बरं, धमकी न्हाई. मंग लाच म्हण."

"लाच देणारा आधी सोताचं भरून ठेवतो. उरल्यातलं देतो. आमच्या घरात त्या दिवशी रांजण पालथा व्हता."

"आणि दार? दार बाहेरून लावलं की न्हाई? कोंडलंच ना?"

"दार लावलं, पण तहान कोणाला लागली?" मला आता चेव चढला होता. "तो आत गारीगार. बाहेर आमची जीभ टाळूला चिकटलेली. आमच्यापाशी व्हतं तेवढं सगळं त्याच्या घरात नेऊन ठेवलं. आता तो आणि आम्ही एका घरचे. घरचं माणूस घरच्याला धमकी न्हाई देत. भांडतं. परक्याशी कोण भांडून राह्यलंय?"

यांनी दौत ओढली आणि लिहायला घेतलं. "पुन्हा सांग. हळू सांग. लाचेचं आधी की दाराचं आधी?" मी पुन्हा सांगितलं. त्या दिवशी आमच्या घरी ज्वारीत खडे तसेच राहिले आणि दोन दिवस दाताखाली आले, पण यांनी एका शब्दानं कुरकुर केली नाही.

पुढचे तीन-चार महिने मी हवेत होते. धुण्याला गेले की शेजारणींना सांगायचे, "आमच्यात मकाला लिहिणं चालू हाय." आमच्यात, बरं का.

मग सुंदर अक्षरात नक्कल करून घ्यायची वेळ आली. परतूरच्या एका म्हाताऱ्या कातिबानं महिनाभर खपून सगळं लिहून दिलं. मोत्यासारखं अक्षर. शुक्रवारी हे वाचायला बसले आणि तिसऱ्या प्रकरणावर आले. उर्दूत वाचलं: "इस इलाक़े की देहाती औरतें ये अक़ीदा रखती हैं कि..." आणि पुढे माझी लाच, माझं दार, माझं भांडण, सगळं ओळीनं.

"थांबा. अकीदा म्हणजे?"

"म्हणजे श्रद्धा. समजूत."

"कोणाची समजूत?"

"खेड्यातल्या बायांची."

"आणि ते धमकी न् लाच कोण बोललं?"

"तूच की."

"मंग मी काय बाया हाय का? मी एक बाई हाय!"

यांना कळेना मी का पेटले. खरंच कळलं नव्हतं, ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं, आणि त्यानंच मी जास्त पेटले. म्हणाले, "अगं, तुझं सगळं घेतलंय, एक शब्द सोडला न्हाई."

"शब्द घेतले, मला सोडलं! मी कव्हा म्हनले की माझी अशी श्रद्धा हाय? महादेव कोंडल्यानं पाऊस येतो असं मी मानतच न्हाई. नऊ वर्षांची व्हते तव्हाबी मानलं न्हाई, मला तर तहान लागली व्हती. तुम्ही त्या लोकांना अडाणी म्हनलात, ते मी खोडून काढलं. त्यांच्या बाजूनं वकिली केली मी. तुम्ही वकिलालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करून राह्यलात!"

हे कागद आवरायला लागले. मग हळूच म्हणाले, "लिहू तरी काय? बायकोनं सांगितलं म्हणून लिहू? हसतील तिथं लोक. बायकोचं ऐकून तत्त्वज्ञान लिहिलं म्हणतील. आणि नाव... नाव कसं लिहायचं तुझं?"

तेही खरंच होतं म्हणा. आमच्या वेळी नवरा बायकोचं नाव घेत नसे. हे मला 'अगं' म्हणत, नाही तर 'ऐकलं का'. लग्नात आणि मंगळागौरीला उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. पण त्या क्षणी मला रीत-भात काही सुचत नव्हती. "माझं म्हणणं घेताना लाज न्हाई वाटली, आणि नाव घ्यायला वाटते व्हय?" मी म्हणाले आणि आत निघून गेले.

मी चूल बंद नाही ठेवली. उलट दुसऱ्या दिवशी पुरण घातलं. यांना वाटलं, राग गेला. पाट मांडला, पहिली पोळी वाढली, वर तूप सोडलं, आणि समोर बसून सुरू केलं. "तुमच्या त्या कागदात माझी जागा कोणती? गावातल्या म्हशी किती, बाभळी किती, तसल्याच बाया किती, एवढीच ना? घ्या, अजून एक घ्या, तूप वाढते. धमकी देत न्हाई मी तुम्हाला. धमकी द्यायची असती तर उपाशी ठेवलं असतं. मी भांडून राह्यले. फरक कळला का आता?" चौथ्या पोळीला हे म्हणाले, "कळला, पण कातिबानं लिहून टाकलंय." मी म्हणाले, "खाडाखोड करता येते." हे हात धुवायला उठले.

नाहीच केली खाडाखोड. भित्रा माणूस. मनानं चांगला होता हो, पण परत आलेल्या त्या पहिल्या मकाल्यानं त्यांचा धीर खचला होता. मकाला तसाच हैदराबादला गेला आणि दोन महिन्यांनी तोंडी परीक्षेचं बोलावणं आलं. माझी थोरली बहीण हैदराबादला दिलेली. मी म्हणाले, "मीबी येते, बहिणीला भेटून किती वर्षं झाली." परतूरच्या स्टेशनात गाडीत बसलो तेव्हापासून नांदेड येईपर्यंत मी त्याच विषयावर बोलत होते. डब्यातल्या एका कापसाच्या व्यापाऱ्यानं शेवटी यांना विचारलं, "मास्तर, जमिनीचा दावा हाय का?"

परीक्षा घेणारे मोठे प्रोफेसर म्हातारे होते आणि नेमका त्यांचा पाय मोडला होता. न्हाणीत घसरले होते. म्हणून परीक्षा त्यांच्या घरीच ठरली, आणखी दोन परीक्षक तिथंच येणार होते. हे आदल्या दिवशी सलाम करायला गेले तेव्हा सोबत बायको आलीय हे आतल्या बेगमसाहेबांच्या कानावर गेलं. त्यांनी निरोप पाठवला की तिलाही आणा, इथंच जेवा. अशी मी त्या घरात पोचले. यांना दिवाणखान्यात बसवलं, मला आत. मध्ये बांबूच्या काड्यांची चिक सोडलेली. आतून बाहेरचं दिसायचं, बाहेरून आतलं नाही. बेगमसाहेबांनी माझ्यापुढे मिठाईची तबकडी सरकवली आणि ओठांवर बोट ठेवून म्हणाल्या, "मैं तो हर बार सुनती हूँ." म्हणजे या घरात ऐकणारी मी पहिली नव्हते.

पहिला तासभर काही कळलं नाही. जड जड उर्दू. यांचा आवाज बारीक होत चाललाय एवढं कळत होतं. दुसऱ्या एका परीक्षकानं सुस्कारा सोडला. मी नकळत बर्फीचे तुकडे एकामागून एक तोंडात टाकत राहिले.

मग मोठे साहेब बोलले. हळू, साफ बोलत होते, मला सगळं समजलं. म्हणाले, "मास्तर, तुमची पहिली दोन प्रकरणं मी वीस वर्षं वाचत आलोय, वेगवेगळ्या मुलांच्या अक्षरांत. तिसऱ्यात मात्र काहीतरी आहे." कागद चाळल्याचा आवाज आला. "तुम्ही लिहिलंय, देहाती औरतें ये अक़ीदा रखती हैं. आता बघा. पहिली शंका धमकीची, तिला उत्तर. दुसरी लाचेची, तिला उत्तर. तिसरी बंद दाराची, तिलाही उत्तर. अकीदा असा पायरीपायरीनं चढतो का? याला अकीदा म्हणत नाहीत. ही दलील आहे, युक्तिवाद आहे. आणि तुमच्या पहिल्या दोन प्रकरणांना ती आडवं पाडते. आपल्याच लिहिण्याच्या उलट दलील तुम्ही स्वतः केली असेल असं मला वाटत नाही." मग विचारलं, "दलील किसकी है?"

हे काय म्हणणार, मला ठाऊक नव्हतं. 'मेरी' म्हणाले असते तर काम फत्ते होतं. परीक्षक खूश होऊन बसलेच होते. औरंगाबादची नोकरी त्या एका शब्दाच्या पलीकडे उभी होती. मी चिकेतून पाहिलं. यांनी समोरचा पाण्याचा पेला उचलला, सगळा प्याले, खाली ठेवला.

"मेरी बीवी की, साहब."

कोणी हसलं नाही. साहेबांनी विचारलं, "नाम?"

आणि यांनी माझं नाव घेतलं. माझं, मग स्वतःचं, मग आडनाव, हजेरी घेताना घेतात तसं खणखणीत. अकरा वर्षांच्या संसारात त्यांच्या तोंडून माझं नाव असं सरळ मी पहिल्यांदा ऐकलं, तेही तीन परक्या पुरुषांसमोर. माझे डोळे भरून आले. बेगमसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तुम?" मी मान हलवली. तशी ती बाई एवढ्या मोठ्यानं हसली की दिवाणखान्यात ऐकू गेलं.

"क्या हुआ?" साहेबांनी विचारलं.

"वो यहीं बैठी हैं," बेगमसाहेब चिकेतून म्हणाल्या. "आपकी आधी बर्फी खा चुकीं."

साहेब म्हणाले, "मग या प्रकरणावर मास्तरांना काय विचारायचं? ज्याची दलील त्यानंच ती राखायची." आणि चिकेकडे तोंड करून हळू विचारलं, "बेटी, एक शंका माझीही आहे. बोलशील?"

मी भिंतीकडे सरकले. बेगमसाहेबांनी कोपरानं ढोसलं. "बोलते," मी म्हणाले.

"तो पाऊस पडला का?"

"न्हाई, साहेब. त्या साली न्हाईच पडला."

"मग पाणी वाया गेलं. धमकी नसेल, लाच नसेल, तू म्हणतेस तसं घरचं भांडण असेल. पण शहाण्या माणसानं ते पाणी जपून ठेवलं असतं. तुझ्या गावानं केलं तो मूर्खपणाच झाला. बोल."

मूर्खपणा म्हटल्यावर माझी भीती कुठच्या कुठे गेली. माझी आई दिसली मला, कोरड्या ओठांची. मी माझ्या मोडक्यातोडक्या बाजारी बोलीत सांगायला लागले, जिथं शब्द अडला तिथं मराठी घातलं. "साहेब, माझं पहिलं पोर चार महिन्यांचं होऊन गेलं. हकीम झाला, वैद्य झाला. सकाळीच सांगितलं मला, आजचा दिवस हाय. मी त्याला दिवसभर पाजत व्हते. पाजल्यानं जगंल असं न्हाई वाटलं मला. जाणार हे ठाऊक व्हतं. तरी पाजलं. जे माझ्यापाशी व्हतं ते त्याचं व्हतं, मंग दुसरं काय करणार? दूध वायाच गेलं म्हणा. वो ग़लती थी क्या, साहब?"

त्या पोराबद्दल मी तोवर कोणापाशी बोलले नव्हते. यांच्यापाशीसुद्धा नाही. चिकेतून मला हे दिसत होते. त्यांनी खाली घातलेली मान वर केली नाही. बेगमसाहेबांनी माझा हात घट्ट धरला होता आणि त्यांची बांगडी माझ्या मनगटात रुतत होती.

साहेब म्हणाले, "नहीं बेटी. ग़लती नहीं थी." मग यांना म्हणाले, "लेखणी घ्या. ते अकीद्याचं वाक्य खोडा. आत्ता, माझ्यासमोर. तिथं लिहा की दलील अमुक बाईंची आहे, पूर्ण नावानं. आणि त्याखाली माझी चौथी शंका आणि त्यांचं उत्तर. त्या म्हणाल्या तसंच लिहा, सजवू नका." आणि बोरूचा कागदावर चाललेला कुरकुर आवाज आम्ही दोघी आत बसून ऐकत राहिलो. कातिबाच्या मोत्यासारख्या अक्षरात यांची खाडाखोड! मला ती त्या सगळ्या पानांपेक्षा देखणी वाटली.

मकाला पास झाला, अव्वल दर्जात. औरंगाबादच्या जागेसाठी यांनी अर्ज टाकला, पण बोलावणं येईतो आम्ही परतूरलाच होतो. वर्षभरानं त्याचं पुस्तक निघालं. पुस्तक हातात आल्यावर मी यांना म्हणाले, "कुठं हाय ते दाखवा." यांनी बोट ठेवलं. तेवढ्या अक्षरांपुरती उर्दू मी त्याच दिवशी शिकले. उजवीकडून डावीकडे माझंच नाव वाचायला गंमत वाटायची. काय नाव ते इथं सांगत नाही. ज्याला हवं असेल त्यानं ते पुस्तक शोधावं, थोडी मेहनत करावी.

पण खरी गोष्ट त्यानंतरची. एके दिवशी हे टपाल घेऊन आले ते तोंड पाडून. हातात उर्दू मासिक होतं, लांब उत्तरेकडून आलेलं. कोणा मोठ्या विद्वानानं त्यात पुस्तकावर लिहिलं होतं. मी विचारलं, तर म्हणाले, "काही न्हाई, असंच." मासिक पाठीमागं धरलेलं. मी म्हणाले, "तुमच्यावर लिहिलंय का वाईट?"

"माझ्यावर न्हाई. माझ्यावर दोनच ओळी हायेत." आणि नाइलाजानं म्हणाले, "तुझ्यावर. तीन पानं."

"वाचा."

"कशाला जिवाला लावून घेतेस?"

"वाचा म्हनते ना!"

हे उभ्या उभ्याच वाचायला लागले. "मोहतरमा..." आणि पुढे माझं नाव. "मोहतरमा की दलील पहली नज़र में मज़बूत मालूम होती है, मगर मोहतरमा यहाँ ग़लती पर हैं." मग त्या विद्वानानं चूक कुठं ते दाखवलं होतं. मुलाला दुधाची गरज असते, देवाला पाण्याची नसते. ज्याला गरज आहे त्याला देणं आणि ज्याला काहीच नको त्याला देणं, ही दोन देणी एक कशी? मोहतरमांनी याचा विचार केलेला दिसत नाही.

हे वाचायचे थांबले आणि माझ्याकडे भीत भीत पाहू लागले. मी विचारलं, "मोहतरमा म्हणजे?"

"म्हणजे बाईसाहेब. मोठ्या बाईला म्हणतात."

"आणि ग़लती पर हैं?"

"म्हणजे... चुकताहेत."

"पुन्हा वाचा."

यांनी पुन्हा वाचलं. मी तिसऱ्यांदा वाचायला लावलं. कुठल्या गावचा कोण विद्वान, आयुष्यात कधी परतूरचं नाव ऐकलं नसेल, त्यानं माझ्यासाठी तीन पानं खर्ची घातली होती. देहाती औरतोंच्या अकीद्याला कोणी चूक म्हणत नाही हो. तो असतो, लोक टिपून घेतात आणि पुढे जातात. चूक काढायला समोर कोणी विचार करणारं असावं लागतं. आणि मुद्दाही मेल्याचा बराबर होता. मला तो सुचायला हवा होता. इतकी खुशी मला मकाला पास झाला तेव्हाही झाली नव्हती.

मी पदर खोचला, बाजारातून शेरभर पेढे आणवले आणि आळीत घरोघर वाटत निघाले. हे मागून म्हणत होते, "अगं, पण हे तुझ्या विरोधात हाय!" शेजारीण पेढा हातात घेऊन म्हणाली, "अगं बया! काय विशेष? मास्तरांना बढती मिळाली का?"

"न्हाई," मी म्हणाले. "माझं चुकलंय म्हणून छापून आलंय."

ती पेढा हातात धरून तशीच उभी राहिली. मला थांबायला सवड नव्हती. त्या विद्वानाला काय म्हणायचं ते पाचव्या घरापाशीच मला थोडं सुचायला लागलं होतं. राहिलेली दोन घरं तशीच सोडून मी घरी परतले. हे अजून मासिक हातात घेऊन ओसरीवर उभे होते.

"कागद घ्या," मी म्हणाले. "आणि सगळ्यात वर आधी माझं नाव लिहा."